दुसरी पाळी

शिरोलीच्या कारखान्यात दुसरी पाळी
दुपारी साडेतीनला सुरू होते, भोंगा देऊन.
माझी भोंगा देत नाही.
आताशा तारखेचीही वाट बघत नाही.

आज आली सात वाजून दहा मिनिटांनी.
पंपाच्या बॉडीवर जेल पसरून
मी प्रोब फिरवत होते.
आधी उजव्या मांडीत तार ओढल्यासारखी,
मग आतून कुणी पक्कड लावली
आणि पीळ देत राहिलं, निवांत,
जणू त्यालाही ओव्हरटाइम मिळतो.

माझं काम असं, की
वरून गुळगुळीत लोखंडात
आत कुठं फुगा राहिलाय, ते शोधायचं.
पडद्यावर रेघ उसळते,
मी खडूनं गोल करते, लिहिते: नापास.
कुणी वाद घालत नाही.
लोखंडाला कुणी म्हणत नाही
लग्न झालं की जाईल,
एक मूल झालं की मोकळी होशील,
आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.

माझ्या पोटावरही असंच जेल, असाच प्रोब,
शाहूपुरीत दोनदा, राजारामपुरीत तीनदा.
नऊ वर्षं एकच रिपोर्ट: सगळं ठीक.
दहाव्या वर्षी दुर्बीण घातली, तेव्हा
डॉक्टर मुजावर म्हणाल्या,
"अगं, हे पोटात घेऊन तू स्कूटर चालवत होतीस?"
मला त्या वाक्यालाच रडू आलं.
साच्याबाहेर सांडलेला रस
जिथं नको तिथं थिजतो ना,
तसं होतं आत. आतड्याला चिकटलेलं, पार मागच्या बाजूला.
त्याचं नाव लांबलचक.
आईला अजून म्हणता येत नाही. ती म्हणते, "तुझं ते."

तर, सात दहा.
प्रोब खाली ठेवला, पडू दिला नाही.
महाग आहे.
गोळी घेतली, बिस्किटाबरोबर,
आणि पॅटर्नच्या रॅकमागं उकिडवी बसले,
कपाळ थंड पत्र्याला टेकून.
श्वास मी मोजत नाही. मोजला की अडतो.
घरचा रस्ता म्हणते मनात:
सांगली फाटा. पंचगंगेचा पूल. तावडे हॉटेल. कावळा नाका.
पुलावर कळ आली की
परत सांगली फाटा.
आज सहा वेळा पुलावरून मागं आले.
मंगळवार पेठ काही येईना.

कोअर शॉपच्या केरबा सुतारांनी बघितलं असावं.
चहाच्या खिडकीपलीकडं आमचं बोलणं नव्हतं कधी.
आले, तोंड दुसरीकडं करून
गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं.
"भट्टीतनं आत्ता काढलाय. पोटाशी धरा.
पर दाबू नगासा, फुटंल."

वाळूचा कोअर होता.
ओतकामात हा साच्याच्या आत बसतो,
लोखंड उकळत येतं तेव्हा पोकळी राखून धरतो,
आणि काम झालं की
हातोडा मारून झाडून टाकतात.
मी तो धरून बसले, अंडं धरावं तसा.
ऊब आधी ओढणीतून आली, मग कातडीतून,
मग जरा आत.

दुखणं गेलं नाही.
कोपऱ्यात सरकून बसलं फक्त,
डबा उघडून.
तेवढ्यात तावडे हॉटेल ओलांडलं मी.

उठले तर कुर्त्याला सगळी काळी वाळू.
केरबामामा तिथंच, रॅकपलीकडं पाठमोरे,
बोल्ट मोजल्यासारखं करत.
"थोरलीला आमच्या असंच हुतंय," रॅकला सांगितल्यासारखे म्हणाले.
"कॉलेजात चक्कर येऊन पडली दोनदा.
कुठं न्यायचं तिला?"

खिशात कागद नव्हता, खडू होता.
त्यांनी पत्र्याचा तुकडा पुढं केला.
मी लिहिलं: मुजावर, राजारामपुरी, सातवी गल्ली.
आणि खाली, दोन रेघा ओढून:
ठीक आहे म्हणाले, तरी परत जायचं.

त्यांनी वाचलं. ओठ हलवत, दोनदा.
मग पत्रा सदऱ्याच्या आत घातला,
खडू पुसू नये म्हणून उलटा.
भोंग्याला अजून साडेतीन तास होते.